बाबांचा २०१६चा डेस्कटॉप मी व्हॅलोरंटसाठी कसा उभा केला

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे बाबांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान होतं. २०१६ साली त्यांनी तिथे एक असेंबल्ड डेस्कटॉप घेतला. इंटेलच्या सहाव्या पिढीचा कोअर आय५-६५०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. ग्राफिक कार्ड नाही. लग्नपत्रिका, शाळेचे प्रोजेक्ट, भाडेकरार, सगळं त्याच्यावर निघालं. दुकान बंद झाल्यावर मशीन घरी आलं आणि माझ्या टेबलावर बसलं. मी अंबड एमआयडीसीत स्विचगिअरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. रात्री जेवणं आटोपली की दहा ते बारा आमची पाच जणांची टीम व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळते.

त्या मशीनवर मला सेकंदाला ४५ ते ५५ फ्रेम (चित्रं) मिळायच्या आणि समोर कोणी स्मोक, म्हणजे धूर, टाकला की चित्र अडकायचं. कॅनडा कॉर्नरला एका दुकानात विचारलं. “ताई, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या,” म्हणत त्यांनी मॉनिटरसकट ५८ हजारांचं कोटेशन दिलं. माझ्या पगारातून महिन्याला चार-पाच हजार बाजूला पडत होते. म्हणून २०२४च्या जानेवारीपासून महिन्याला एक वस्तू घ्यायची, ती लावायची, फरक मोजायचा आणि मगच पुढची ठरवायची असं केलं. जुलैपर्यंत मशीनवर १९,३०० रुपये आणि मॉनिटरवर ९,२०० रुपये गेले. ज्यांच्याकडे इंटेलच्या चौथ्या ते सातव्या पिढीचं मशीन पडून आहे, त्यांना हाच क्रम उपयोगी पडेल.

आधी मोजा

ग्राफिक कार्ड घेण्याआधी एक वही घ्या. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये स्टॅट्सचा भाग आहे, तिथे फ्रेमचा आकडा आणि आलेख चालू करता येतो. काउंटर-स्ट्राइक २ या तशाच गेममध्ये तेच टेलिमेट्रीखाली मिळतं. दर वेळी त्याच मॅपवर एक डेथमॅच (जो तो स्वतःसाठी, असा छोटा सामना) खेळा आणि दोन आकडे लिहा: शांत असताना किती फ्रेम येतात, आणि तीन-चार जण एकदम समोर आले की किती खाली जातात. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. सरासरी १५० असून ऐन गोळीबारात ६० होत असतील, तर तुमचा नेम त्या ६०वर ठरतो.

मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून तोच सामना पुन्हा खेळा. फ्रेम झपकन वाढल्या तर ग्राफिक्स अडतंय. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडतेय. माझ्या पहिल्या चाचणीत ५० चे ८० झाले, म्हणजे प्रोसेसरमधलं एचडी ५३० ग्राफिक्सच दमत होतं. ही चाचणी प्रत्येक वस्तू लावल्यावर पुन्हा करा, कारण अडण्याची जागा सरकत जाते.

धूळ, आणि त्याआधी अर्थिंग

कॅबिनेट उघडताना पत्र्याला हात लागला आणि मुंग्या आल्यासारखं झालं. बऱ्याच घरांत याची सवय झालेली असते आणि लोक पायात चप्पल घालून बसतात. तसं करू नका. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडणं हे त्यांचं काम. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थच नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच अवस्थेत तुम्ही हेडफोन, मॉनिटर, पेन ड्राइव्ह लावता-काढता, आणि पोर्ट जायला तेवढं पुरतं. शिवाय आत कधी फेज पत्र्याला टेकला, तर तो करंट वाहून न्यायला वाटच नसते.

मल्टिमीटर वापरायची सवय असेल तर एसी व्होल्टवर ठेवून बघा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. माझ्याकडे फेज ते अर्थ ६०-७० वर डोलत होतं, म्हणजे त्या भोकाला मागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन बोर्डच्या अर्थपासून वायर ओढून घेतली. नळाच्या पाइपाला वायर गुंडाळून अर्थिंग करू नका. मीटर हाताळायची सवय नसेल तर मोजमापही इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मग धूळ. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेट गच्चीवर न्या. आमच्या मशीनमध्ये कागदाच्या भुश्शात झेरॉक्सचा टोनर मिसळून काळसर थर झाला होता. टोनर म्हणजे अगदी बारीक प्लॅस्टिकची पूड असते, तेव्हा नाकाला मास्क बांधा. घरगुती ब्लोअर चालतो, पण हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्याच्या टाकीत पाणी साठलेलं असतं आणि ते फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नुसत्या सफाईने आणि प्रोसेसर-कूलरमधल्या नव्या थर्मल पेस्टने माझ्या प्रोसेसरचं तापमान ८८ वरून ७० वर आलं. खर्च ३५० रुपये.

रॅम आणि एसएसडी

एकच रॅम स्टिक असेल तर दुसरी घाला. यासारखी स्वस्त आणि खात्रीची सुधारणा दुसरी नाही. दोन स्टिक असल्या की मेमरी दोन चॅनलवर चालते, आणि ग्राफिक कार्ड नसताना तर चित्राचं कामही याच मेमरीवर चालत असतं. मी ८ जीबीची डीडीआर४ स्टिक १,६५० ला घेतली आणि ५० च्या ६८ फ्रेम झाल्या. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून मेमरीच्या पानावर चॅनल ड्युअल दिसतं का ते बघा. तिथे फ्रीक्वेन्सी १०६६ दिसली तर घाबरू नका, डीडीआरमध्ये ती दुपटीने मोजतात. एच११० बोर्डवर सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत ३२०० ची स्टिकसुद्धा २१३३ वरच चालते, म्हणून वेगासाठी जादा पैसे देऊ नका.

माझे आकडे २०२४चे आहेत. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा आज वापरलेली स्टिक शोधणं शहाणपणाचं. चौथ्या पिढीचं मशीन असेल तर बहुतेक बोर्डांवर डीडीआर३ लागते. ती डीडीआर४च्या खाचेत बसत नाही. खाचेची जागा बघूनच घ्या.

एसएसडीने, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कने, फ्रेम वाढत नाहीत. मॅप लवकर उघडतो, विंडोज मागे काहीतरी डाउनलोड करत असताना खेळ गचके खात नाही, आणि मशीन चालू करायचा कंटाळा जातो. ४८० जीबीची साटा एसएसडी पुरते. ती लावण्याआधी जुन्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवा. आमच्या डिस्कवर बाबांची आठ वर्षांची बिलं होती.

एसएमपीएस

दुकानदारांचं मन नसतं तरी इथे पैसे घालाच. जुन्या कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं. ते सोडा आणि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. माझ्या एसएमपीएसवर १४ होते. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॉट, आणि प्रोसेसर व ग्राफिक कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. तेही आठ वर्षं दुकानात दहा-दहा तास चाललेल्या युनिटचे. ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचं ४५० वॉटचं नवीन एसएमपीएस २,९०० ला मिळालं. कंपन्यांचे तयार डेस्कटॉप, विशेषतः ऑफिसांतून लिलावात निघालेले, यांत एसएमपीएसचा आकार आणि पिना बऱ्याचदा वेगळ्या असतात. तिथे बाजारातलं साधं युनिट बसत नाही, म्हणून असं मशीन असेल तर बाहेरून पॉवर न लागणारं कार्डच घ्या, आणि स्लॉटमधून येणारी वीज त्या एसएमपीएसला झेपेल का तेही तपासा.

वळवाच्या पावसात आमच्याकडे लाइट येते-जाते, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस आधीपासून होता. तो साधारण ३६० वॉटपर्यंत झेपवतो. तेवढा या मशीनला भरपूर आहे.

कार्ड

मी वापरलेलं जीटीएक्स १६५० घेतलं, ४ जीबीचं. हे कार्ड ७५ वॉटमध्ये चालतं आणि त्याच्या अनेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतात. जुन्या मशीनसाठी ही मोठी सोय आहे. थोडे जास्त पैसे आणि चांगलं एसएमपीएस असेल तर जीटीएक्स १६६० सुपर बघा. ते १२५ वॉटचं आहे आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्याचा फरक दिसतो. आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० मात्र आपल्यासाठी नाहीत. ती बोर्डशी फक्त चार लेनवर, म्हणजे माहितीच्या चारच वाटांवर, बोलतात. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या बोर्डवर ते खपून जातं, जुन्या ३.० च्या बोर्डवर रस्ता निम्मा होतो.

वापरलेलं कार्ड घेताना मी एकदा फसता फसता वाचले. द्वारकेजवळ एकाकडे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड साडेतीन हजारांत होतं. पेन ड्राइव्हवर कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर घेऊन गेले होते, ते चालवल्यावर कार्डच्या नावापुढेच नकली असल्याची खूण आली. एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी काळातल्या कार्डावर बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून अशी कार्डं विकली जातात. विंडोज त्यांना १०५० टीआयच म्हणतं, म्हणून विंडोजवर विश्वास ठेवून चालत नाही. मी कार्ड परत ठेवलं आणि निघाले.

पुढच्या महिन्यात कॉलेज रोडवरचा एक गेमिंग कॅफे बंद होत होता, तिथून १६५० साडेसहा हजारांना मिळालं. त्यांच्याच मशीनवर लावायला सांगितलं आणि वीस मिनिटं खेळले. या वेळेत चार गोष्टी बघा. तापमान ८० च्या वर चढत जातं का. पंखा खरखरतो का. चित्रात ठिपके किंवा चौकोन येतात का. आणि कार्डचं प्रत्येक पोर्ट चालतं का, त्यासाठी केबल एकेक करून फिरवा. कार्डच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे असले तर ते उघडलेलं आहे. तो दोषच असतो असं नाही, पण का उघडलं ते विचारा.

घरी लावल्यावर मॉनिटरची केबल कार्डच्या पोर्टला जोडा. मदरबोर्डच्या पोर्टला जोडली तर कार्ड रिकामंच बसून राहतं.

फ्रेम १४०च्या घरात गेल्या. पण गर्दीत अजून ७५ पर्यंत पडत होत्या. पुन्हा ७२० ची चाचणी केली आणि आकडा हललाच नाही. अडण्याची जागा प्रोसेसरवर सरकली होती.

प्रोसेसर बदलताना

आय५-६५०० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत. खेळ, बोलण्यासाठीचं डिस्कॉर्ड, व्हॅलोरंटचं फसवणूक पकडणारं व्हॅनगार्ड आणि विंडोज हे चौघं त्याला पुरून उरतात. त्याच सॉकेटचा आय७-६७०० चार कोअर, आठ थ्रेडचा आहे, तोही ६५ वॉटचाच. चौथ्या पिढीच्या बोर्डवर हीच जागा आय७-४७७० किंवा ४७९० घेतो. सातव्या पिढीचा आय७-७७०० एच११० वर चालतो, पण आधी बोर्डचा बायोस अपडेट करावा लागतो. आठव्या पिढीचे प्रोसेसर दिसायला त्याच ११५१ सॉकेटचे आहेत, तरी या बोर्डवर चालत नाहीत. आमच्या टीममधल्या एकाने तसा घेतला आणि त्याला तो परत विकावा लागला.

आय७ साठी मी सुट्टी काढून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरले आणि लोकलने ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, वार बघून जा. ५,२०० रुपये आणि एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी, पावतीवर लिहून घेतली.

हा भाग सावकाश करा. मशीन आधी दहा मिनिटं चालवा म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. बंद करून प्लग काढा. इंटेलच्या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी तिच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने वळवा आणि वर ओढा. चारही सुटल्यावर कूलर सरळ वर खेचू नका, थोडा डावी-उजवीकडे फिरवून उचला. सफाईच्या वेळी माझी जुनी पेस्ट भिंतीच्या पुट्टीसारखी कडक निघाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा.

सॉकेटचा दांडा खाली दाबून बाजूला काढा आणि वर घ्या, झाकण उघडतं. जुना प्रोसेसर कडांना धरून उभा उचला. खाली सॉकेटमध्ये हजाराहून जास्त बारीक स्प्रिंगच्या पिना असतात. तिथे कापड, बोट, केस काही लागू द्यायचं नाही. एक पिन वाकली तर बोर्ड जाऊ शकतो. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता ठेवा, वरून दाबू नका. दांडा लावताना करकर आवाज येतो आणि जोर लागतो, तो तसाच असतो.

पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी लावा. खुंट्या आधी मूळ जागी फिरवून घ्या, मग कर्णाने समोरासमोरच्या दोन-दोन दाबा. प्रत्येकीला टक् आवाज यायला हवा. मग बोर्डची मागची बाजू बघा, चारही खुंट्यांची टोकं बाहेर फाकलेली दिसली पाहिजेत. माझी एक अर्धवट बसली होती. मशीन चालू झालं, पण दोन मिनिटांत तापमान ९५ ला गेलं. लगेच बंद करून ती पुन्हा बसवली, तेव्हा ६८ वर थांबलं. ऐन उन्हाळा होता, खोलीच ३६ अंशांची.

आता शांत असताना १८० आणि गर्दीत ११५ ते १२०. खेळायला मला हवा होता तो आकडा हा.

मॉनिटर आणि केबल

६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यातून कोणी डोकावलं तर ते तुम्हाला तेवढं आधी दिसतं. मशीन गर्दीत शंभरच्या वर टिकत नसेल तोवर मात्र हा खर्च थांबवा, म्हणून मी तो शेवटी केला.

मॉनिटर आणल्यावर दोन आठवडे मी तो ६० वरच चालवला, कारण विंडोज आपणहून १४४ करत नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट निवडावा लागतो. डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, बऱ्याच स्वस्त मॉनिटरच्या एचडीएमआयवर पूर्ण १४४ मिळत नाहीत. खेळात एनव्हिडिया रिफ्लेक्स (क्लिक आणि चित्र यांतला उशीर कमी करणारा पर्याय) चालू ठेवा. विंडोजच्या माउस सेटिंगमधलं एनहान्स पॉइंटर प्रिसिजन बंद करा, नाहीतर हाताच्या वेगाप्रमाणे नेम बदलत राहतो.

व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि नाशिकहून तिथे पोचायला फायबरवर वेळ लागत नाही. माझ्याकडे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, १२ ते १५ मिलिसेकंद येतो. वायफायवर तोच मधूनच ८० ला उडी मारायचा. हॉलमधल्या राउटरपासून खोलीपर्यंत २० मीटरची कॅट ६ केबल दाराच्या चौकटीवरून नेली, ४५० रुपयांत. त्या उड्या बंद झाल्या.

इथे थांबा

या बोर्डवर यापुढे एक रुपयाही घालू नका. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही मशीनच्या सुरक्षेची दोन्ही सोय लागतात. विंडोज ११ घेण्याआधी तुमच्या बोर्डच्या बायोसमध्ये हे पर्याय आहेत का ते बघून ठेवा.

पुढची पायरी लागेल तेव्हा फक्त बोर्ड आणि प्रोसेसर बदला: बी५५० बोर्डवर रायझन ५ ५६००, किंवा डीडीआर४ घेणाऱ्या एच६१० बोर्डवर आय३-१२१००एफ. रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कार्ड, मॉनिटर सगळं जसंच्या तसं तिकडे जातं. हे पैसे मी निर्धास्तपणे खर्च करू शकले ते याच हिशोबावर. आय७ चे ५,२०० सोडले तर यातलं काहीच या बोर्डला बांधलेलं नाही.

जुना आय५ मी सिन्नरच्या एका मुलाला १,४०० ला दिला. त्याच्याकडे त्याच सॉकेटचा दोन कोअरचा आय३-६१०० होता. मशीन घेऊन तो घरीच आला, “ताई, तुम्हीच बसवून द्या,” म्हणाला. उघडण्याआधी त्याला एक डेथमॅच खेळायला बसवलं आणि वहीच्या नव्या पानावर त्याचे दोन आकडे लिहून घेतले.